दोघींच्या दोन वेळा

त्या दवाखान्यात डॉक्टर कोण, हे नव्या पेशंटला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला समजायचं. नंबरबाई कोण, हे मात्र दारातच समजायचं. काचेच्या छोट्या खिडकीमागे, टेलिफोनला खेटून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्या बसलेल्या असत. कागदोपत्री त्या स्वागतिका होत्या. पण ज्या बाईने आयुष्यात कुणाचंही स्वागत ‘बोला’ या एका शब्दापलीकडे केलं नाही, तिला स्वागतिका म्हणायला कुणाची जीभ रेटणार? लोक त्यांना नंबरबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी त्या स्वतःच फोनवर ‘हं, नंबरबाई बोलतेय’ म्हणू लागल्या.

काम दिसायला सोपं होतं. फोन उचलायचा, वेळ द्यायची, नाव लिहून ठेवायचं. पुढे वहीच्या जागी कॉम्प्युटर आला, तरी बाईंचा भरवसा स्वतःच्या डोक्यावरच जास्त. कुणाला आज घ्यायचं आणि कुणाला परवावर ढकलायचं, हे त्या आवाजावरून ठरवत. ‘बाई, मी काही आता वाचत नाही’ असं ठणठणीत आवाजात सांगणाऱ्याला त्या खुशाल उद्याची वेळ देत. ‘तसं विशेष काही नाही हो, जमलं तर बघा’ असं पुटपुटणाऱ्याला मात्र ‘आत्ता निघा’ म्हणत. कधी चुकल्या तर डॉक्टरांची बोलणी खात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलंच खरं करत.

पण त्यांची खरी करामत निराळीच होती. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून दोन लांब बाक होते, रेक्झिन फाटलेले, चिकटपट्टी लावून जोडलेले. त्या बाकांवर कोण कुणाच्या शेजारी येईल, यावर बाईंचा डोळ्यांत तेल घालून पहारा. आसपासच्या चार रस्त्यांवरची सगळी भांडणं त्यांना पाठ होती. घरमालकाला सकाळी बोलवलं की भाडेकरूला संध्याकाळी. एकाच दुकानातून फुटून समोरासमोर दुकानं थाटलेले दोन चष्मेवाले होते. त्यांना त्यांनी दिवसच वेगळे लावून दिले होते. घटस्फोट झालेल्या एका जोडप्याचं तर एवढं जपायच्या, की नांदत असताना त्या दोघांचं कुणी तेवढं जपलं नसेल. आणि हे सगळं कुणाला न सांगता, ताकास तूर लागू न देता. ज्याला त्याला वाटे, आपल्याला सोयीचीच वेळ मिळाली.

ही विद्या त्या कुठे शिकल्या म्हणाल, तर घरातच. त्या लहान होत्या तेव्हा वडील आणि काका एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नसत. का, ते मुलांना कधी कळलं नाही. जेवायला एक जण बसला की दुसरा बाहेरच्या कट्ट्यावर थांबायचा. पहिला हात धुवायला उठला, की कट्ट्यावर जाऊन ‘काका, पान वाढलंय’ असं सांगायचं काम या चिमुरडीकडे. ती कधी चुकली नाही. दोघांनाही गरम जेवण मिळायचं, आणि स्वयंपाकघरात आई सुटकेचा निःश्वास टाकून म्हणायची, ‘माझी गुणाची पोर ती.’ वडील आणि काका शेवटपर्यंत बोलले नाहीत. पण घरात कधी आवाज चढला नाही, याचंच सगळ्यांना कौतुक होतं आणि त्या पोरीला तर फारच. कुणी कुणाशी भांडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे तिच्या मनात तेव्हाच घट्ट बसलं. बिचारीला वेगळं शिकवणार तरी कोण?

आता त्या दोन बहिणींबद्दल.

थोरली घरी शिवणाचे वर्ग चालवायची. बोटांना सुईची सवय, आवाज मऊ, पण हट्ट पक्का. धाकटी कोपऱ्यावरच्या पोस्टात काउंटरवर बसायची. फटकळ, चटचट बोलणारी, आणि बोलून झाल्यावर आतल्या आत जळणारी. दोघींची लग्नं झाली नव्हती, किंवा झाली होती आणि टिकली नव्हती. बाईंनी कधी खोलात चौकशी केली नाही. त्यांची आई थोरलीकडे राहायची. एका सकाळी आईची छाती दुखू लागली, थोरलीने अपचन असेल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली, आणि दुपारी धाकटीच पोस्टातून धावत येऊन आईला दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. आई तिथून परत आली नाही.

काही दिवसांनी दोघी डॉक्टरांना भेटायला आल्या, वेगवेगळ्या, पण एकाच वेळी. बाहेरच्या खोलीत गर्दी होती. कुणी आधी तोंड उघडलं, हे बाईंना नंतर किती आठवूनही आठवलं नाही.

“सकाळपासून दुखत होतं तिला. सकाळपासून! तू काय करत होतीस?”

“आणि तू कुठे होतीस? महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचं म्हणजे आईला सांभाळणं नाही!”

“तू मारलंस तिला, ताई.”

असं म्हणताना धाकटीचा हात लागला की तिने मुद्दाम ढकलला, देव जाणे, पण टेबलावरचा पाण्याचा जग खाली पडून फुटला. बाकावरचं एक मूल रडायला लागलं. डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून बाहेर आले. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही तोल गेला. दोघींना बाहेर जायला सांगून ते बाईंकडे वळले.

“बाई, या दोघी पुन्हा एका वेळी माझ्या दवाखान्यात दिसता कामा नयेत.”

“नाही दिसणार,” बाई म्हणाल्या.

आणि नाही दिसल्या. थोरलीला गुरुवारची सकाळ, धाकटीला सोमवारची संध्याकाळ. आईकडून दोघींना रक्तदाब मिळाला होता, त्यामुळे दोघींचंही येणं कायमचं. कधी थोरलीला वार बदलून हवा असला की बाई धाकटीची वेळ सरकवत. कधी धाकटीला ताप आला तर थोरली निघून गेल्याची खात्री करूनच तिला बोलावत. वर्षं गेली. दोघींच्या केसांत पांढरं आलं, दोघींच्या गोळ्या वाढल्या. त्या दोघी एकमेकींच्या पाठीदेखील पाहत नव्हत्या, आणि बाईंना याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोला, चांगलाच अभिमान वाटायचा.

मागे वळून पाहिलं की सगळं लख्ख दिसतं. दिसून उपयोग काय, हा भाग वेगळा. धाकटीने कितीदा तरी फोनवर विचारलं होतं, “गुरुवारी सकाळी जमेल का हो?” पोस्टात सकाळी काउंटरवर रांग लागलेली असते, हे शेंबड्या पोरालाही माहीत, मग पोस्टातल्या बाईला गुरुवारची सकाळच का हवी असावी? पण बाईंना यातलं एकच दिसायचं, की गुरुवारी थोरली असते. “गुरुवारी फार गर्दी असते हो, सोमवारीच या, निवांत होईल,” असं त्या साखर पेरून सांगत. मग धाकटी म्हणायची, “बरं. सोमवारी.” एकदा खिडकीशी औषधाची चिठ्ठी घडी करता करता तिने, जणू सहज आठवलं म्हणून, विचारलंही, “ताई येते का हो अजून तुमच्याकडे?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “दुसऱ्या पेशंटबद्दल आम्ही काही सांगत नाही.” नियम म्हणून ते बरोबरच होतं. चुकीचं होतं ते एवढंच, की त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

तिकडे थोरलीचंही तेच. तिचा नंबर होऊन जायचा, गोळ्या पिशवीत जायच्या, तरी ती बाकावर बसून राहायची. कधी म्हणे, “ऊन उतरू दे.” कधी म्हणे, “जरा दम खाते.” तिची नजर दाराकडे असायची. कुणी पायरी चढलं की मान वर, आणि मग पुन्हा खाली. बाईंना वाटायचं, म्हातारपण येतंय, एकटी आहे, माणसांत बसावंसं वाटत असेल. तरी थोड्या वेळाने त्या म्हणायच्याच, “ताई, जागा लागेल आता.” थोरली लगेच उठायची. उगीच अडून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तर दोघींनाही काय हवं होतं, हे आता एखादं लहान मूलही सांगेल. एकमेकींच्या घरी जायचं म्हणजे कुणीतरी एकीने आधी नमतं घ्यायचं, दार वाजवायचं, आणि आतून कोणतं तोंड दिसेल याची भीती. दवाखान्यात तसं काही नव्हतं. तिथे दोघींना आजारपणाने बोलावलं असतं. मान कुणाचीच खाली गेली नसती. शेजारी बसल्या असत्या, ‘तुझ्या गोळ्या कोणत्या गं?’ एवढ्या एका वाक्याने झालं असतं. पण मध्ये बाई बसल्या होत्या, काचेमागे, पहारा देत.

मग थोरलीचं दुखणं वाढलं. पायांवर सूज यायला लागली, जिना चढताना धाप. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बाईंना म्हणाले, “यांना आता दर आठवड्याला द्या. हृदय थकलंय. सांभाळून राहिल्या तर काही महिने निघतील.” पेशंटबद्दल हे बाईंना सांगावंच लागतं, नाहीतर वेळ कशी द्यायची? त्या रात्री... नाही, रात्री नव्हे, संध्याकाळीच, भाजी निवडत असताना बाईंनी हे यजमानांना सांगितलं. बाईंचे यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. माणूस अघळपघळ, सगळ्या जगाकडे तिकीट देतादेता पाहिलेला.

“अगं, मग त्या दुसरीला सांग की.”

“कसं सांगणार? दुसऱ्याचं दुखणं सांगायचं नसतं. नोकरी जाईल माझी.”

“सांगू नकोस. दोघींना एकाच वेळी बोलाव. आमच्या बसमध्ये कितीदा पाहिलंय मी. ज्यांच्यात विस्तव जात नाही अशी माणसं चढायची, आणि गर्दीत उरायची जागा ती नेमकी शेजारशेजारची. आधी दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघायची. मग एकाला खोकला यायचा, दुसरा बाटली पुढे करायचा.”

“तुमची बस वेगळी आणि माझा दवाखाना वेगळा. तिथे आजारी माणसं बसलेली असतात. पुन्हा तमाशा झाला तर?”

“झाला तर झाला. बहिणी आहेत त्या.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला,” म्हणून बाईंनी भाजीची परात उचलली आणि त्या आत गेल्या. पण ते बोलणं मनात रुतून राहिलं, आणि त्याचा त्यांना रागही आला.

त्यानंतरच्याच एका गुरुवारी ते घडलं. थोरली डॉक्टरांच्या खोलीत तपासणीसाठी गेली होती. बाहेर बाकावर एकच पेशंट होता, दाढ दुखून आलेला एक सुतार. त्याला दाताच्या डॉक्टरांकडे जा असं सांगून बाईंचं तोंड दुखलं होतं. बाईंनी सहज खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानापाशी धाकटी उभी होती. अंगावर पोस्टातले कपडे नव्हते. घडी मोडून नेसलेली साडी होती आणि केस नीट विंचरलेले होते. रस्ता ओलांडावा की नाही, अशा विचारात ती उभी होती. मग तिने पाऊल टाकलं.

बाई खुर्चीतून उठल्या त्या थेट आतच गेल्या. थोरली नुकतीच तपासणीच्या टेबलावरून उतरत होती.

“झालं ना, ताई? चला, इकडून चला. पुढे फार गर्दी आहे.”

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. बाईंनी थोरलीची पिशवी घेतली, तिच्या दंडाला धरलं आणि ड्रेसिंगच्या खोलीतून मागच्या दाराशी नेलं. स्पिरिटचा वास, कापसाचे डबे, आणि पुढे गल्लीत उघडणारं ते अरुंद दार. बाहेरच्या खोलीतून आवाज आला:

“नंबरबाई? आहे का कुणी? नंबर लावलेला नाही मी, पण रजा टाकून आलेय. बसते. कधीही घ्या.”

थोरली उंबऱ्यावर थांबली. तिने चौकटीला हात धरला. बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते बाईंनी तेव्हा वाचलं नाही. नंतर मात्र रोज वाचलं. ती विचारत होती. तोंडाने नाही, पण विचारत होती.

“चला ताई, जपून. पायरी आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या दंडावरचा हात सैल केला नाही.

“बरं,” थोरली म्हणाली. गल्लीतून, भिंतीला हात लावत, ती हळूहळू निघून गेली.

बाईंनी दार लावलं, पदराने घाम टिपला, आणि पुढे येऊन धाकटीला म्हणाल्या, “बोला.” धाकटी खूप वेळ बसली. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब ठीक निघाला, तरी पुन्हा बाकावर येऊन बसली. शेवटी दुपारी दवाखाना बंद व्हायला आला तेव्हा ती उठली आणि गेली.

घरी बाईंनी ही हकीकत यजमानांना मोठ्या तोऱ्यात सांगितली. अगदी दारात गाठ पडता पडता कशी वाचवली, मागचं दार कसं कामी आलं. यजमान ऐकत होते. सांगून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “अगं, ती रजा टाकून आली होती.”

बाई चिडल्या. पण त्या वाक्याने त्यांना झोपू दिलं नाही. घडी मोडलेली साडी, विंचरलेले केस, गुरुवारची सकाळ. एकेक गोष्ट जुळत गेली आणि त्यांना एकदम घाबरायला झालं. आपण काय केलं हे? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. अजून वेळ गेलेली नाही. पुढच्या गुरुवारी दोघींना लागोपाठच्या वेळा द्यायच्या. तमाशा झाला तर झाला, पाण्याच्या जगांचा काय तोटा आहे.

त्या पुढच्या गुरुवारी तापाची साथ होती. बाक भरून लोक पायऱ्यांवर बसले होते, फोन खाली ठेवायची सोय नव्हती. धाकटीला फोन करायचं बाईंच्या डोक्यात दोनदा आलं. दोनदाही त्यांनी ठरवलं, या गर्दीत नको, पुढच्या आठवड्यात शांतपणे करू. थोरली येऊन गेली. त्या दिवशी ती बाकावर थांबलीच नाही. दाराकडे पाहिलंही नाही. तेवढ्या गडबडीतही बाईंना ते जाणवलं. दुसऱ्या बाजूने नंबर विचारणारे लोक होते, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

बुधवारी सकाळी फोन वाजला. बाईचा आवाज होता, अनोळखी.

“मी शिवणक्लासच्या बाईंची शेजारीण बोलतेय. त्यांची उद्याची वेळ होती ना तुमच्याकडे? ती रद्द करायची.”

“केली,” नंबरबाई म्हणाल्या आणि सवयीने पुढे म्हणून गेल्या, “पुढची कधीची देऊ?”

मग शेजारीण म्हणाली, “पुढची नको. पहाटे गेल्या त्या.”

फोन ठेवल्यावर बाईंना कळेना की आता काय करायचं असतं. कितीतरी पेशंट गेले होते आजवर. वाईट वाटायचं, आणि त्यांची वेळ दुसऱ्या कुणाला तरी दिली जायची. त्या दिवशी उद्याच्या सकाळची ती वेळ बाईंनी कुणालाच दिली नाही. तीन-चार जणांनी मागितली, तरी ‘नाही’ म्हणाल्या. याने कुणाचं काही भलं होणार नव्हतं, हे त्यांनाही समजत होतं.

दुपारी डॉक्टर चहा घेत होते तेव्हा बाई आत गेल्या. “डॉक्टर, शिवणक्लासच्या ताई गेल्या. त्यांच्या बहिणीला... पोस्टातल्या, त्यांना आपण कधीच एकत्र बोलावलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना?”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “पोस्टातल्या? त्या दोघी बहिणी होत्या?”

“अहो, भांडण झालं होतं इथे. आई गेली तेव्हा. जग फुटला होता. तुम्ही मला म्हणालात, पुन्हा एका वेळी दिसता कामा नयेत.”

डॉक्टर बराच वेळ आठवत राहिले. “म्हणालो असेन, बाई,” ते शेवटी म्हणाले. “रागाच्या भरात काहीतरी म्हणालो असेन. तुम्ही इतकी वर्षं ते धरून बसलात?”

बाई बाहेर आल्या. आतापर्यंत निदान एक आधार होता, की आपण सांगितल्याप्रमाणे केलं. तोही गेला. एका दमलेल्या माणसाने एका दुपारी काढलेले चार शब्द त्यांनी उचलून डोक्यावर घेतले होते, कारण ते त्यांना आवडले होते. कारण लहानपणापासून त्यांना हेच येत होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात लपवला.

धाकटी आली ती नंतर बऱ्याच दिवसांनी, सोमवारी, तिच्या नेहमीच्या वेळेला. बाहेरच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आत डॉक्टर एका म्हाताऱ्याला तपासत होते. धाकटी बाकावर बसली नाही, सरळ काचेच्या खिडकीशी आली. तोंड सुकलं होतं, पण आवाज नेहमीसारखाच चटपटीत होता.

“बाई, आता कुठलाही वार दिलात तरी चालेल. आता तिची अडचण नाही.”

“कुणाची?”

“ताईची. तिनेच सांगून ठेवलं होतं ना तुम्हाला? मी असेन तेव्हा हिला बोलावू नका म्हणून. तिच्या शिवणाच्या मुली पोस्टात यायच्या, त्यांच्याकडून कळायचं की ती गुरुवारी सकाळी इथे येते; म्हणून मी कितीदा गुरुवार मागितला, तुम्ही दरवेळी टाळलंत. तेव्हाच ओळखलं मी. तरी एकदा न सांगता आले. तेव्हाही ती नव्हती. म्हटलं, हिने वारही बदलून घेतला माझ्यामुळे. मग नाद सोडला. जिला माझं तोंड बघायचं नाही, तिच्या दारात कशाला जायचं?”

हे बाईंच्या मनातही आलं नव्हतं. आणि त्याच क्षणी दुसरं कळलं, ते याहून वाईट. थोरलीलाही हेच वाटलं असणार. मागच्या दाराने घाईघाईने काढलेल्या बाईला दुसरं काय वाटेल? बाहेर बहिणीचा आवाज येतोय आणि आपल्याला गल्लीत नेऊन सोडतायत; म्हणजे तिनेच सांगितलं असणार, मला ही समोर नको. म्हणूनच शेवटच्या खेपेला ती थांबली नव्हती.

आता गप्प बसणं किती सोपं होतं. ‘आम्ही दुसऱ्या पेशंटबद्दल सांगत नाही’ हे वाक्य ओठांवर तयारच होतं. अशी वाक्यं करण्यात बाईंचा जन्म गेला होता. पण मग ही बाई उरलेलं आयुष्य हेच धरून बसणार होती, की बहिणीला आपण नकोशा होतो.

“त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मीच. मीच तुम्हाला दोघींना वेगळ्या वेळा देत होते. पुन्हा भांडण नको म्हणून. त्या तर नंबर झाल्यावरही इथे बसून राहायच्या. दाराकडे बघत.”

धाकटीने काचेच्या कडेला हात टेकवला.

“आणि मी आले होते त्या दिवशी?”

“त्या आत होत्या. मी त्यांना मागच्या दाराने बाहेर नेलं.”

“तिला कळलं होतं? मी आलेय ते?”

नाही म्हटलं असतं तर बिचारीला थोडं बरं वाटलं असतं. बाईंनी क्षणभर विचारही केला. मग त्यांना वाटलं, या दोघींच्या बाबतीत काय बरं आणि काय वाईट, हे आपण आता ठरवू नये.

“हो. तुमचा आवाज ऐकून त्या थांबल्या होत्या. मी हात धरून पुढे नेलं.”

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आता ती ओरडेल, काचेवर हात आपटेल, वाटेल ते बोलेल. ओरडली असती तर बरंच झालं असतं. पण धाकटी ओरडली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिने विचारलं ते इतक्या हळू, जणू तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

“बाई, तुमचा काय संबंध होता?”

आतून डॉक्टरांची बेल वाजली. धाकटी आत न जाता दाराकडे वळली आणि पायऱ्या उतरून गेली. त्या दवाखान्यात तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.